सूर्य कुठे आहे? वर्षातली वेळ अंशांत मोजण्याची रीत

बहुतेक घरांत तिळगूळ १४ किंवा १५ जानेवारीला वाटला जातो. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत संक्रांत १० जानेवारीलाच होऊन गेलेली असते. आणि शाळेतलं भूगोलाचं पुस्तक सांगतं की उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू झालं. सूर्य एक, आकाश एक, मग तारखा तीन कशा? यात कुणाचंही गणित चुकलेलं नाही. तिघंही वर्षातली वेळ दिवसांनी न मोजता सूर्याच्या जागेने मोजतात, फक्त मोजपट्टीचं शून्य तिघांनी वेगवेगळ्या ठिकाणी धरलंय. ही मोजणी कशी होते ते आपण क्रमाने पाहू. बेरीज-वजाबाकी येत असली आणि हाताशी मोबाइल असला की पुरे.

पहिली गोष्ट, वर्षाकडे वर्तुळ म्हणून बघायचं. पृथ्वी सूर्याभोवती एक फेरी मारते ते वर्ष. फेरीचे ३६० अंश करा. आता 'वर्षातली कोणती वेळ?' याचं उत्तर 'कितवा दिवस' असं न देता 'कितवा अंश' असं द्यायचं. लोकलचं उदाहरण घ्या. चर्चगेटहून सुटून वीस मिनिटं झाली, असं सांगितलं तर गाडी कुठे असेल याचा अंदाज बांधावा लागतो. गाडी दादरला उभी आहे, असं सांगितलं की प्रश्न संपतो. ऋतू हे दादरसारखे जागेला बांधलेले असतात, सुटल्यापासूनच्या मिनिटांना नाही.

पुढची पायरी म्हणजे शून्य ठरवणं. २० किंवा २१ मार्चला सूर्य विषुववृत्ताच्या बरोबर डोक्यावर येतो आणि दिवस-रात्र जवळजवळ समान होतात. आकाशातल्या त्या बिंदूला वसंत संपात म्हणतात, आणि तिथे शून्य अंश धरायचा. मग २१ जूनच्या सुमारास ९०, २३ सप्टेंबरच्या सुमारास १८० आणि २१-२२ डिसेंबरला २७० अंश. या मोजमापाला सूर्याचा रेखांश म्हणतात. नकाशावरच्या रेखांशाशी त्याचा संबंध नाही. नाव सारखं असल्यामुळे गोंधळ होतो, एवढंच.

इथे एक शंका हमखास येते. फिरते पृथ्वी, मग रेखांश सूर्याचा का? कारण आपण पृथ्वीवर उभे राहून बघतो. पृथ्वी पुढे सरकली की सूर्य मागच्या ताऱ्यांवरून तेवढाच सरकलेला दिसतो. सूर्यावरून पृथ्वी जिथे दिसेल त्याच्या अगदी समोर, म्हणजे १८० अंशांवर, आपल्याला सूर्य दिसतो. कोणत्याही बाजूने मोजलं तरी चालतं, पण मध्येच बाजू बदलली तर उन्हाळ्याच्या जागी हिवाळा येतो. पंचांगं आणि खगोलशास्त्रज्ञ सूर्याचीच बाजू धरतात, आपणही तीच धरू.

आता मोजायला लागू. ३६० अंशांना ३६५.२४ दिवसांनी भागलं की रोजची सरासरी चाल ०.९८५६ अंश येते. जवळजवळ रोज एक अंश. म्हणून बरेच जण 'एक दिवस म्हणजे एक अंश' धरून पुढे जातात, आणि पहिली चूक इथेच होते. दिनदर्शिका काढून मोजून बघा: मार्चच्या संपातापासून सप्टेंबरच्या संपातापर्यंत १८६ दिवस, आणि सप्टेंबरपासून पुढच्या मार्चपर्यंत १७९. दोन्हीकडे अंश १८०च, दिवसांत मात्र आठवडाभराचा फरक. सरासरी चालीने १८६ दिवसांत सूर्य १८३ अंशांच्या पुढे जायला हवा होता. तो गेलेला नसतो.

याचं कारण कक्षेत आहे. पृथ्वीची कक्षा किंचित लंबगोल आहे आणि सूर्य तिच्या मध्यावर नाही. ३-४ जानेवारीच्या सुमारास पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर असते, तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात १५ कोटी २१ लाखांवर. जवळ असताना ती वेगात धावते आणि लांब असताना रेंगाळते. जानेवारीत सूर्याची रोजची चाल १.०२ अंश, जुलैत ०.९५. (सूर्य जानेवारीत जवळ, मग थंडी कशी, असं कुणी विचारलं तर सांगा की ऋतू पृथ्वीच्या आसाच्या कलामुळे होतात, अंतरामुळे नाहीत. पृथ्वीपुरतं हे उत्तर चालतं. मंगळावर ते पुरत नाही, ते पुढे येईलच.)

ही कमी-जास्त चाल हिशेबात घ्यायची आपल्याकडची रीत फार जुनी आहे. आधी सरासरी चालीने 'मध्यम सूर्य' काढायचा, मग त्यात 'मंदफल' नावाची दुरुस्ती मिळवायची किंवा वजा करायची, की 'स्पष्ट सूर्य' हाती येतो. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' लिहिलं, आणि त्यात त्रिकोणमितीची कोष्टकं न वापरता हे गणित करण्याची सोय केली. पुढची काही शतकं महाराष्ट्रातले पंचांगकर्ते त्याच ग्रंथावर भिस्त ठेवून होते. आपल्या हातात मोबाइल आहे, तेव्हा आपण सरळ त्रिकोणमितीच वापरू.

उदाहरणासाठी १५ मे २०२६ ची दुपार घेऊ. ही तारीख मुद्दाम निवडली आहे.

पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ आली ती ३ जानेवारीला, आपल्याकडे रात्री उशिरा. तिथपासून १५ मेच्या दुपारपर्यंत एकशे साडेएकतीस दिवस, म्हणजे १३१.५. त्याला ०.९८५६ ने गुणलं की १२९.६ अंश. हे झालं सरासरीने कापलेलं अंतर.

आता मंदफल. मोबाइल आडवा धरला की कॅल्क्युलेटरवर साइनचं बटण दिसतं. १२९.६ चा साइन काढा, ०.७७ येईल. त्याला १.९१५ ने गुणा, सुमारे १.५ अंश. पृथ्वीच्या बाबतीत मंदफल याहून फार मोठं कधी होत नाही, दोन अंशांच्या आतच राहतं. जानेवारी ते जुलै ते मिळवायचं, जुलै ते जानेवारी वजा करायचं. साइनचं चिन्हच ते सांगतं. उत्तर विचित्र आलं, उदाहरणार्थ इथे मे महिन्यात साइन उणे आला, तर कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर आहे असं समजा. दहापैकी आठ वेळा घोटाळा तिथेच असतो.

शेवटी, ३ जानेवारीला सूर्याचा रेखांश २८३.४ अंश होता. त्यात १२९.६ आणि १.५ मिळवले की ४१४.५. यातली एक पूर्ण फेरी, ३६० अंश, काढून टाकली की ५४.५. म्हणजे १५ मेच्या दुपारी वर्षाचा काटा ५४.५ अंशांवर.

कागदावरचं हे उत्तर खरं की खोटं, हे गिरगाव, परळ, लालबाग किंवा दादरच्या कोणत्याही गच्चीवर तपासता येतं. सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला किती गेलाय, त्याला क्रांती म्हणतात. ५४.५ चा साइन घ्यायचा, त्याला २३.४४ (हा पृथ्वीच्या आसाचा कल) च्या साइनने गुणायचं आणि उलट साइन काढायचा. उत्तर १८.९ अंश. गिरगावचा अक्षांश १८.९५, दादरचा १९.०२. म्हणजे त्या दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर. हाच तो शून्य सावलीचा दिवस.

गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. घड्याळात बारा वाजता सावली नाहीशी होईल अशी अपेक्षा ठेवू नका, इथे बरेच जण निराश होऊन खाली येतात. आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची आहे, मुंबई त्याच्या बरीच पश्चिमेला, त्यामुळे आपल्याकडे सूर्य सुमारे अडतीस-एकोणचाळीस मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. मेच्या मध्यात त्यातून तीन-चार मिनिटं कमी होतात. म्हणून १५ मेला बारा पस्तीसची वेळ धरा. गिरगावात शून्य सावली आधी की दादरला, यावर मात्र वाद घालू नका. ०.१ अंशाच्या फरकाने मीटरभर काठीची सावली दोन मिलिमीटरनेही बदलत नाही, आणि सूर्याची तबकडीच अर्ध्या अंशाची असल्यामुळे सावलीची कड तेवढी पुसट असते.

हाच योग वर्षात पुन्हा एकदा येतो, सूर्य १२५.५ अंशांवर असताना, म्हणजे २८ जुलैच्या आसपास. गणिताने तो बिनचूक येतो. आभाळ मोकळं मिळणं मात्र त्या दिवसांत नशिबाचा भाग. चुकलात तर वरळीचं नेहरू तारांगण गाठा. तिथे घुमटाखाली सूर्याचा हा वर्षाचा मार्ग पावसाळ्यातही पाहायला मिळतो.

इथवर शून्य वसंत संपाताला धरलं. या पद्धतीला सायन म्हणतात. आपली बहुतेक पंचांगं निरयन असतात, म्हणजे त्यांचं शून्य ताऱ्यांना बांधलेलं असतं. संपात बिंदू ताऱ्यांच्या मानाने दरवर्षी सुमारे ५० विकला, म्हणजे अंशाचा बहात्तरावा भाग, मागे सरकतो. पृथ्वीचा आस अतिशय सावकाश डोलतो म्हणून हे होतं. दोन शून्यांमधल्या अंतराला अयनांश म्हणतात. सरकारी पंचांग चित्रा तारा धरून तो मोजतं आणि सध्या तो २४ अंशांच्या थोडा वर आहे. सायन रेखांशातून तो वजा केला की निरयन रेखांश. आता सुरुवातीचं कोडं सुटतं: सायन २७० अंश डिसेंबरात येतात, निरयन २७० त्यानंतर चोविसेक दिवसांनी, मकर संक्रांतीला.

मग १० जानेवारी कुठून आली? कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' छापून नव्या, वेधांशी जुळणाऱ्या गणिताचा रस्ता खुला केला. त्यांच्या गणितावर निघालेल्या पटवर्धनी पंचांगाने शून्य रेवती नक्षत्रातल्या एका ताऱ्याला धरलं. टिळक पंचांग त्याच परंपरेतलं. रेवतीच्या हिशेबाने अयनांश सुमारे चार अंशांनी कमी भरतो, म्हणून संक्रांत चार दिवस आधी. शून्य कुठे धरायचं हा परंपरेने ठरवायचा प्रश्न आहे, त्याचं उत्तर दुर्बिणीत सापडत नाही. म्हणून 'खरी संक्रांत कोणती' या वादात मला फारसा रस वाटत नाही. आपण कोणत्या शून्यावरून बोलतोय हे आधी सांगितलं की झालं.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगावीशी वाटते. निरयन संक्रांत इंग्रजी तारखेला कायमची चिकटलेली नाही. ती सुमारे सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ सालच्या मकर संक्रांतीचा, आणि तारीख होती १२ जानेवारी. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. त्या दिवशी संक्रांत होती असं आजही ऐकू येतं, कारण आपण आजची तारीख मागे लावतो. गणित केलं तर त्या वर्षी सूर्य १० जानेवारीच्या सुमारासच मकरेत गेलेला होता.

आता आपल्या सणांचे महिने. चंद्राचा महिना अमावस्येपासून अमावस्येपर्यंत साडेएकोणतीस दिवसांचा. त्याला नाव मिळतं सूर्यामुळे: ज्या महिन्यात सूर्य मेष राशीत जातो तो चैत्र, वृषभेत जातो तो वैशाख, आणि असंच पुढे, कन्येत जातो तो भाद्रपद. ज्या महिन्यात सूर्य रास ओलांडतच नाही, तो अधिक.

शके १९४८ चा अधिक ज्येष्ठ याचं सुरेख उदाहरण आहे. सूर्य वृषभेत गेला १५ मे २०२६ ला. त्यानंतर १७ मेच्या पहाटे अमावस्या संपून महिना लागला, तो संपला १५ जूनला सकाळी साडेआठच्या आत. सूर्य मिथुनेत जातो त्याच दिवशी दुपारी. चारेक तासांच्या फरकाने महिना संक्रांतीविना, म्हणजे सूर्याने रास न ओलांडता, राहिला आणि अधिक ठरला. लालबाग-परळच्या मंडपांवर त्याचा परिणाम थेट दिसतो: २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली, २०२६ साली १४ सप्टेंबरला. अधिक महिना ठरवताना पाव अंशाची चूकसुद्धा किती महागात पडली असती, हे इथे कळतं. रेवतीपक्षाच्या घरी काही वर्षी अधिक महिना आणि त्यामागून सण वेगळे का येतात, हेही यावरून समजेल. संक्रांत चार दिवस इकडची तिकडे झाली की ती दुसऱ्याच महिन्यात पडू शकते.

आणि मंदफल इथेही डोकावतं. मिथुन रास ओलांडायला सूर्याला साडेएकतीसच्या आसपास दिवस लागतात, धनू रास मात्र साडेएकोणतीसहून थोड्या कमी दिवसांत संपते. उन्हाळ्या-पावसाळ्यात सूर्य रेंगाळतो, म्हणून अधिक महिने त्या भागातच जास्त येतात. थंडीत सूर्याची रास चंद्राच्या महिन्याहूनही आखूड पडते, म्हणून तिथे अधिक महिना दुर्मीळ, आणि कधीतरी क्षयमास, म्हणजे एक महिनाच गळतो.

मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीनेही हेच ओळखलं होतं. त्यांच्या शिफारशीने २२ मार्च १९५७ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सौर दिनदर्शिकेत वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ दिवसांचे, आश्विन ते फाल्गुन ३० चे. चैत्र एरवी ३० चा, लीप वर्षी ३१ चा. इंग्रजी महिन्यांसारखी ही मनमानी वाटणी नाही, सूर्य जिथे रेंगाळतो तिथे दिवस वाढवले आहेत. माझ्या मते आपल्याकडची ही सर्वांत समजूतदार दिनदर्शिका आहे, आणि तिची तारीख आपल्यापैकी कुणालाच सांगता येत नाही.

आता हीच रीत मंगळावर नेऊ. तिथे तर दुसरा इलाजच नाही. मंगळाचं वर्ष आपल्या ६८७ दिवसांचं. त्याचा दिवस २४ तास ३९ मिनिटं ३५ सेकंदांचा, त्याला सोल म्हणतात, आणि वर्षात ६६८.६ सोल बसतात. चंद्राचा आधार घ्यावा, तर फोबॉस हा उपग्रह आठ तासांच्या आत फेरी पुरी करतो. त्याचा महिना मोजून काय उपयोग? म्हणून शास्त्रज्ञ मंगळावरची ऋतुवेळ सरळ सूर्याच्या रेखांशाने सांगतात. मंगळाच्या उत्तर गोलार्धात वसंत सुरू होतो तो शून्य अंश, ९० म्हणजे उत्तरेत उन्हाळ्याची सुरुवात.

इथे पंचांग हाताळणाऱ्यांची एक चूक ठरलेली. पंचांगातला 'मंगळ मेषेत' हा पृथ्वीवरून दिसणारा मंगळ आहे, मंगळावरच्या ऋतूशी त्याचा काही संबंध नाही. आपल्याला हवा आहे मंगळावर उभं राहून दिसणारा सूर्य, आणि शून्यही मंगळाच्याच संपाताचं.

आपलं मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत शिरलं. तिथे तेव्हा कोणता ऋतू होता? मंगळ सूर्याच्या सर्वांत जवळ आला १२ डिसेंबर २०१४ ला, आणि ती जागा २५१ अंशांवर आहे. मधले दिवस ७९, रोजची सरासरी चाल ०.५२४ अंश, म्हणजे ४१.४ अंश बाकी. नुसत्या सरासरीने उत्तर येईल २०९.६.

पण मंगळाची कक्षा आपल्यापेक्षा पाचपट-साडेपाचपट जास्त लंबगोल आहे. तिथलं मंदफल दोन अंशांत आटोपत नाही, साडेदहा अंशांच्या वर जातं. ४१.४ च्या साइनला १०.६९ ने गुणलं की ७.१, त्यात दुप्पट कोनाच्या साइनची छोटी दुरुस्ती, ०.६. (पृथ्वीसाठी ही दुसरी दुरुस्ती इतकी क्षुल्लक होती की ती सोडून दिली होती.) हे ७.७ आणखी वजा केले की सुमारे २०२. १८० अंशांवर तिथे उत्तरेचा शरद लागतो, म्हणजे मंगळयान पोचलं तेव्हा तो सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. दुरुस्ती विसरलो असतो तर आपण बाराएक दिवस पुढे गेलो असतो.

हा फरक नुसता कागदी नाही. मंगळावर ३०-३० अंशांचे बारा महिने केले तर सर्वांत लांब महिना ६६.७ सोलचा होतो आणि सर्वांत आखूड ४६.१ चा. उत्तरेचा वसंत सुमारे १९४ सोल चालतो, शरद १४३ च्या आसपास संपतो. आणि २५१ अंशांवर सूर्य जवळ असताना दक्षिणेत उन्हाळा जवळ येत असतो, त्यामुळे इथे अंतरही ऋतूत हात घालतं. मोठी धुळीची वादळं बहुतेक १८० ते ३६० अंशांच्या या अर्ध्या वर्षात उठतात. सौरपत्रांवर चालणाऱ्या यानाला विजेची काटकसर कधी करायची, हे म्हणूनच रेखांश बघून ठरवावं लागतं.

मंगळाची वर्षं मोजायचीही एक रूढ गणना आहे: ११ एप्रिल १९५५ ला जे वर्ष सुरू झालं ते पहिलं. १२ नोव्हेंबर २०२४ ला अडतिसावं लागलं. त्यात ६८७ दिवस मिळवा, एकोणचाळिसावं वर्ष ३० सप्टेंबर २०२६ ला लागतं, अनंत चतुर्दशीनंतर पाच दिवसांनी.